टीव्हीवरची कात्री नक्की कुणाच्या हातात असते?

प्रश्न असा आहे: दरमहा पैसे भरून इंग्रजी चित्रपटांची वाहिनी घेतली, तर संवादाच्या जागी शांतता आणि सबटायटलमध्ये फुल्या. अमेरिकेत म्हणे फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर बंधनं असतात आणि केबलवर मोकळं रान असतं. मग आपल्याकडे पैसे मोजूनही हे सोवळं कशासाठी? दूरदर्शनला एक नियम आणि केबलला दुसरा, असं आहे का? कात्री चालवतं कोण, सेन्सॉर बोर्ड की सरकार? आणि खरंच काही आक्षेपार्ह दिसलं तर तक्रार कुठे करायची?

मी मुंबईत मनोरंजन वाहिन्यांच्या ‘स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस’ विभागात, आमच्या बोलण्यात एस अँड पीमध्ये, आधी हिंदी आणि नंतर मराठी मालिकांवर काम करत आले आहे. त्यामुळे कात्रीच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. बहुतेक वेळा ती माझ्यासारख्या पगारी माणसाच्या हातात असते. सरकार ती क्वचित उचलतं. पण आम्ही ती इतकी सढळ का चालवतो, हे कळायचं तर अमेरिकेचं गणित आपल्याकडे कसं उलटं पडलं ते पाहावं लागेल.

अमेरिकेबद्दल तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. तिथलं बंधन मजकूर किती वाईट आहे यापेक्षा तो कुठल्या वाटेने घरात आला यावर ठरतं. हवेतल्या लहरी मर्यादित आणि जनतेच्या मालकीच्या. सरकार त्या परवान्याने वापरायला देतं, म्हणून परवानाधारकाला अटी घालता येतात. त्यात १९७८ साली पॅसिफिका खटल्याची भर पडली. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने १९७३ मध्ये भर दुपारी जॉर्ज कार्लिन या विनोदवीराचं शिव्यांवरचं स्वगत ऐकवलं होतं. मुलासोबत गाडीतून जाताना ते कानावर पडलं म्हणून एका वडिलांनी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की हवेतून येणारं प्रसारण न बोलावता घरात शिरतं आणि मुलांच्या कानावर सहज पडतं, तेव्हा एफसीसी या नियामक संस्थेला त्यावर लगाम ठेवता येईल. पुढे त्यातूनच सकाळी सहा ते रात्री दहा हा जपून वागायचा काळ ठरला. रात्री दहानंतर सूट.

केबल तुम्ही स्वतः पैसे देऊन घरात आणता आणि नको झाली की तोडता. त्यामुळे कायद्याच्या व्याख्येत बसणारी निखळ अश्लीलता सोडली, तर नुसता असभ्य म्हणून केबलवरच्या कार्यक्रमाला दंड ठोकायची सोय एफसीसीकडे नाही. आता यातली विसंगती बघा. एबीसी, सीबीएस या ‘हवेतल्या’ वाहिन्याही बहुतेक अमेरिकन घरांत वर्षानुवर्षं केबलच्या तारेतूनच दिसत आल्या. तार तीच, पडदा तोच, रिमोटवर शेजारशेजारची दोन बटणं. एकीला नियम लागू, दुसरीला नाही.

या नियमाची धार किती विचित्र असते त्याचा माझा आवडता नमुना ‘एनवायपीडी ब्लू’ या पोलीस मालिकेचा आहे. २००३ च्या एका भागात एका अभिनेत्रीचं पाठमोरं नग्न दृश्य होतं. पूर्व किनाऱ्यावर मालिका रात्री दहाला लागायची. तिथे कुणाला काही झालं नाही. अमेरिकेच्या मध्य आणि पर्वतीय भागातल्या वेळपट्ट्यांत तोच भाग नऊला दिसायचा. २००८ मध्ये दंड झाला तो फक्त तिथल्या केंद्रांना, प्रत्येकी २७,५०० डॉलर. दृश्य एकच, गुन्हा घड्याळावर अवलंबून. पुढे न्यायालयांनी तो रद्द केला, कारण काय चालेल आणि काय नाही याची पूर्वसूचना एफसीसीने नीट दिलीच नव्हती. २००४ च्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात गायिका जॅनेट जॅक्सनचं वस्त्र सेकंदभरही नसेल इतका वेळ सरकलं, त्यापायी सीबीएसला झालेला साडेपाच लाख डॉलरचा दंडही अखेर कोर्टात टिकला नाही. पण तोवर व्हायचा तो परिणाम झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एबीसीने ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ हा युद्धपट न कापता दाखवायचा ठरवला, तेव्हा साठहून अधिक स्थानिक केंद्रांनी तो लावलाच नाही. सैनिकांच्या तोंडी शिव्या होत्या, दंड झाला तर भरायचा कुणी? त्यात गैर काही नाही, असं एफसीसीने सांगितलं, तेव्हा पुढचं वर्ष उजाडलं होतं.

आणि केबलवर मोकळं रान म्हणतात तेही सरसकट खरं नाही. एचबीओसारखी वाहिनी वर्गणीवर चालते, तिच्याकडे जाहिरातदार नाहीत. म्हणून तिथे काहीही चालतं. जाहिराती घेणाऱ्या अमेरिकन केबल वाहिन्या आपणहून बीप वाजवतात, कारण साबणवाल्याला आपला साबण शिवीच्या शेजारी नको असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याकडे तो फार कामाचा आहे.

आता आपल्याकडे या. अमेरिकेत तारेला मोकळीक मिळाली. आपल्याकडे कायदा आला तो तारेसाठीच.

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या सोसायट्यांमध्ये कुणीतरी हुशार मुलगा व्हीसीआर घेऊन गच्चीवरून तारा टाकायचा आणि रात्री चित्रपट दाखवायचा. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास त्याच तारांवर परदेशी बातम्या दिसू लागल्या, मग हाँगकाँगहून स्टार टीव्ही आला, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये झी सुरू झालं. उपग्रह आकाशात, प्रक्षेपण परदेशातून. दिल्लीला यातलं काहीच पकडता येत नव्हतं. पकडता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गल्लीतला केबलवाला. ‘केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा, १९९५’ त्याला समोर ठेवूनच लिहिलेला आहे, आणि आजही वाचताना ते जाणवतं. कार्यक्रम संहितेचा भंग झाला, तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त त्याची यंत्रसामग्री जप्त करू शकतात. मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. सिनेमा हॉलिवूडचा, वाहिनी हाँगकाँगची आणि तुरुंगात जायची पाळी डोंबिवलीच्या केबलवाल्यावर! ही कैदेची तरतूद २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढली, आता ताकीद, ठपका आणि पैशातला दंड एवढंच उरलं आहे.

ती संहिता मात्र वाचण्यासारखी आहे. १९९४ च्या नियमांमधला सहावा नियम. अभिरुची आणि सभ्यतेला धक्का देणारं काही नको. मित्रराष्ट्रांवर टीका नको. धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला नको. अश्लील, बदनामीकारक, अर्धसत्य नको. राष्ट्रपती आणि न्यायसंस्थेच्या सचोटीवर शिंतोडे नकोत. अंधश्रद्धेला उत्तेजन नको. स्त्रियांची अवहेलना नको. मुलं मोठ्या संख्येने टीव्हीपुढे असतात त्या वेळी त्यांना अयोग्य असं काही नको. ज्यांनी आकाशवाणीत काम केलं आहे त्यांना यातली काही कलमं तोंडपाठ असतील, कारण मित्रराष्ट्रं, धर्म, राष्ट्रपती, न्यायालयाचा अवमान ही मंडळी आकाशवाणीच्या जुन्या संहितेतूनच इथे आली. सरकारी रेडिओने स्वतःच्या निवेदकांसाठी घातलेली घरातली शिस्त उचलून खासगी वाहिन्यांना कायदा म्हणून लावली गेली. माझ्या मते आपल्याकडचा निम्मा गोंधळ इथून सुरू होतो. ‘अभिरुची’ म्हणजे काय हे आकाशवाणीत केंद्र संचालक ठरवायचा, त्याच्या हाताखालचे ऐकायचे. कायद्यात तोच शब्द घातला की तो ठरवायला प्रत्येक जिल्ह्यात एक अधिकारी बसतो.

याचा मुंबईने घेतलेला अनुभव सांगते. प्रौढांसाठीचे चित्रपट केबलवरून घराघरांत दिसतात, मुलं ते बघतात, अशी जनहित याचिका शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात केली. न्यायालयाने आदेश दिला, की सेन्सॉर बोर्डाने सर्वांसाठी योग्य ठरवलेलेच चित्रपट दाखवायचे, ‘ए’ प्रमाणपत्राचे नाहीत. २००६ च्या ऑगस्टमध्ये पोलीस केबल कंपन्यांच्या नियंत्रण कक्षांत शिरले, डिकोडर उचलले, आणि मुंबईकरांच्या पडद्यावरून चित्रपटांच्या वाहिन्या काही काळ गायब झाल्या. कारवाई झाली ती पुन्हा तारेवर. चित्रपट निवडणारे लोक दुसरीकडेच बसलेले होते. त्याच वर्षी केंद्राने नियमच बदलला: चित्रपट, चित्रपटातली गाणी, ट्रेलर, संगीताचे व्हिडिओ, काहीही केबलवर दाखवायचं तर ‘यू’ किंवा ‘यूए’ प्रमाणपत्र हवंच.

तेव्हापासून ‘ए’ चित्रपट टीव्हीवर यायचा असेल तर तो पुन्हा कापून बोर्डापुढे न्यावा लागतो आणि ‘यूए’ करून आणावा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने हे थेट सिनेमाच्या कायद्यातच लिहिलं. तुमच्या पैसे भरून घेतलेल्या वाहिनीवर चित्रपटाची वीस मिनिटं कुठे गेली, त्याचं उत्तर हे आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रात्रीची वेळ हा सुटकेचा रस्ता असतो. आपल्याकडे प्रौढांच्या चित्रपटाला तो रस्ताच नाही. रात्री तीन वाजताही नाही.

पण सबटायटलमधल्या फुल्यांचा दोष बोर्डाला देऊ नका, त्या आम्ही घालतो. इंग्रजी वाहिन्यांवर सबटायटल शब्दांच्या यादीवरून गाळली जातात. यादीतला शब्द दिसला की फुली. संदर्भ बघायला माणूस बसवायचा तर पैसे लागतात, आणि महिन्याला शेकडो तासांचा मजकूर जात असतो. म्हणून स्वयंपाकाच्या कार्यक्रमात कोंबडीच्या छातीच्या मांसाचं नावही फुल्यांत जातं आणि लोक त्याचे फोटो काढून हसतात. हसणं रास्त आहे.

अनेकांना वाटतं की मालिकाही सेन्सॉर बोर्ड बघतं. बघत नाही. रोजच्या मालिकेचा भाग कधी कधी प्रक्षेपणाच्या दिवशी दुपारी एडिटवरून सुटतो. तो दिल्लीला किंवा बोर्डाला दाखवून आणायला वेळ कुठला? मालिका, रिअ‍ॅलिटी शो, बातम्या यांना पूर्वपरवानगी लागत नाही. चूक झाली तर मागून पकडतात. आणि मागून पकडण्याची भीती हीच आमच्या विभागाची रोजीरोटी.

पकडतात म्हणजे काय करतात? वाहिनीला देशातून प्रक्षेपणाची परवानगी मिळते तेव्हा संहिता पाळण्याची अट त्यातच असते. वर्षानुवर्षं चालत आलेली पायरी अशी होती: पहिल्या उल्लंघनाला तीस दिवसांपर्यंत प्रक्षेपण बंद, दुसऱ्याला नव्वद, तिसऱ्याला परवानगीवरच गदा. २००७ मध्ये एएक्सएन आणि एफटीव्ही या दोन वाहिन्यांना दोन दोन महिने बंदीचे आदेश निघाले होते. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीला तीस दिवस म्हणजे नुसता तीस दिवसांचा तोटा नसतो. प्रेक्षक दुसऱ्या मालिकेची सवय लावून घेतो, वर्षाच्या जाहिरातीचे करार मोडतात. दंड एक लाख असता तर एखादा निर्माता म्हणाला असता, भरू. इथे ती सोयच नाही. म्हणून आम्ही नियमाच्या दोन पावलं अलीकडेच थांबतो.

आमचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते दाखवते. भाग बघायचा, टाइमकोड लिहायचा, समोर शेरा. एका साध्या कौटुंबिक मालिकेच्या भागावरचे शेरे साधारण असे असतात. ‘०४:११, मागच्या कपाटावरचा ब्रँड ब्लर.’ ‘०९:४०, काका सिगारेट ओढताना, तळाला इशारा, किंवा शॉट काढा.’ ‘१४:३२, ‘हलकट’ ठेवा, पुढचा शब्द पूर्ण म्यूट, ओठ दिसतात तेव्हा प्रतिक्रियेचा शॉट लावा.’ ‘१८:०५, विष पिण्याचं दृश्य, बाटलीवरचं नाव दिसू नये, पद्धत दिसू नये, हेल्पलाइन क्रमांक द्या.’ ‘२१:२०, बाळ रडताना खरं आहे का? परवानगीची प्रत पाठवा.’ एडिटरला यातल्या चौथ्या शेऱ्याचं कधी वाईट वाटत नाही. तिसऱ्यावरून मात्र हमखास भांडण होतं, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

मराठीत दोन जागा विशेष जपाव्या लागतात. एक आडनाव. नायकाला कुठलंही आडनाव चालतं. खलनायकाला देताना लेखक, चॅनेल आणि आम्ही असे तिघे डोकं लावतो. आडनावावरून जात, जातीवरून गाव, गावावरून मोर्चा. म्हणून मराठी मालिकांतले दुष्ट लोक बरेचदा नुसते ‘दादासाहेब’ किंवा ‘मामा’ असतात आणि गाव नकाशात सापडत नाही. यावर संहितेत एवढंच आहे की भाषिक, प्रादेशिक, वांशिक समूहांची हेटाळणी नको. बाकीचं आम्ही जोडलं.

दुसरी जागा बुवा, अंगारा आणि नवस. संहितेत अंधश्रद्धेचं कलम आहेच, शिवाय महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यामुळे बुवाने दिलेल्या अंगाऱ्याने सुनेला दिवस गेले असं दाखवणं म्हणजे जाणूनबुजून विस्तवावर पाय ठेवणं. एकदा असंच वळण कथेत होतं. आम्ही हरकत घेतली. लेखकाने दृश्य तसंच ठेवलं आणि पुढच्या भागात सासूच्या तोंडी एक वाक्य घातलं: ‘डॉक्टरांची औषधं दोन महिने चालूच होती की!’ नियम पाळला गेला, अंगाराही राहिला. पौराणिक मालिकांतल्या चमत्कारांना हा प्रश्न पडत नाही आणि भुतांच्या मालिकांना सुरुवातीची एक पाटी पुरते: वाहिनी अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही. पाटी चार सेकंद, भूत वीस मिनिटं.

या अंधश्रद्धेच्या वादाचा पहिला मोठा खटलाही महाराष्ट्रातलाच, आणि तो दूरदर्शनविरुद्धचा. ‘होनी अनहोनी’ या मालिकेने अंधश्रद्धा पसरते म्हणून लोकविज्ञान संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, प्रक्षेपणाला मनाई मिळाली, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. मी रोज अंधश्रद्धेच्या कलमावर बोट ठेवणारी बाई, तरी मला तो निकाल पटतो. लोकविज्ञानवाल्यांची कळकळ खरी होती, पण अजून न दाखवलेला भाग थांबवायचा तर नुसती शंका पुरत नाही.

दूरदर्शनचा विषय निघालाच आहे तर त्याचं सांगते. केबलच्या कायद्याने दूरदर्शनला धाक घालायची गरजच कधी पडली नाही, कारण त्याची कात्री दारातच असते. तिथे बहुतेक गोष्टी कापल्या जात नाहीत, घेतल्याच जात नाहीत. मग निर्माता कोर्टात जातो. आनंद पटवर्धन यांच्या ‘फादर, सन अँड होली वॉर’ या माहितीपटाला दूरदर्शनने नकार दिला. त्याच्या दुसऱ्या भागाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवायला लावला. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबईचे पोलीस ‘ए’ चित्रपटांसाठी केबलवाल्यांचे डिकोडर उचलत होते.

याच्या उलट, दूरदर्शनने दाखवायला घेतलेल्या ‘तमस’वर १९८८ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली: फाळणीतल्या दंगली दाखवल्या तर आज दंगल होईल. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि मनाई नाकारली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं, आणि कसोटी कुठली लावावी यासाठी नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या निकालाचा आधार घेतला. त्याचा आशय असा, की शब्दांचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेतून. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो अशा डळमळीत माणसाच्या नजरेतून नव्हे. आमच्या विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाचायला देते. खरं सांगायचं तर उपयोग थोडाच होतो, कारण वाहिनीला भीती असते ती नेमकी त्या डळमळीत माणसाची. तोच ट्विटरवर मोहीम उघडतो, तोच जाहिरातदाराला टॅग करतो.

राजकीय भाषणांत दूरदर्शनची कात्री अजूनही तीच आहे. २०१७ मध्ये त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण बदल केल्याशिवाय लावायला दूरदर्शन आणि आकाशवाणीने नकार दिला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सीताराम येचुरी यांना पक्षाच्या प्रसारणातले काही शब्द काढायला लावले. तेच शब्द त्याच दिवशी कुठल्याही खासगी बातमी वाहिनीवर आरामात गेले असते. म्हणजे बघा, शृंगाराला तारेवर जास्त बंदोबस्त आणि राजकारणाला हवेतल्या सरकारी वाहिनीवर. अमेरिकेचं ‘हवा बांधलेली, तार मोकळी’ हे सूत्र इथे बसतच नाही.

मग काहीच नियम नकोत का? तसं मी म्हणत नाही, आणि याचं कारण २६ नोव्हेंबर २००८. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसभोवती कॅमेरे लावून वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते बघून आत फोनवर सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना त्यासाठी कडक शब्दांत सुनावलं. २०१५ मध्ये संहितेत नवं कलम आलं: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण नको, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतं वार्तांकन करा. हे कलम मला मान्य आहे, कारण ते काय करायचं नाही ते स्पष्ट सांगतं. रात्रपाळीला एकट्या बसलेल्या निर्मात्यालाही ते कळतं. पण नेमकं कलमही कसं वापरलं जाईल याची हमी नसते. पठाणकोटच्या हवाई तळावरच्या हल्ल्याच्या वार्तांकनावरून २०१६ मध्ये एनडीटीव्ही इंडियाला एक दिवस बंद राहण्याचा आदेश निघाला तो याच कलमाखाली, आणि गदारोळानंतर सरकारने तो थांबवून ठेवला.

घड्याळाचा उपाय आपल्याकडे करून पाहिलेला आहे. २०१० मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ‘बिग बॉस’ रात्री अकरानंतर हलवायला सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०११ मध्ये मनोरंजन वाहिन्यांनी स्वतःची तक्रार परिषद, बीसीसीसी, उभी केली, न्यायमूर्ती ए. पी. शाह तिचे पहिले अध्यक्ष. तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत रात्री अकरा ते पहाटे पाच हा थोड्या मोकळ्या मजकुराचा काळ आहे. कागदावर चांगलं. पण त्या वेळेला जाहिरातीचा दर उरत नाही, त्यामुळे निर्माता अकराला जाण्यापेक्षा दृश्य काढून आठलाच राहतो. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

ज्यांना मोकळा मजकूर लिहायचा होता ते ओटीटीवर गेले. तिथे २०२१ पासून वयानुसार वर्गवारीची पाटी लागते आणि बघायचं की नाही ते प्रेक्षकावर सोडलेलं असतं. म्हणजे जी मोकळीक अमेरिकेने केबलला दिली, ती आपण इंटरनेटला दिली, निदान आजपर्यंत. टीव्ही आणि ओटीटी एकाच छत्राखाली आणायच्या विधेयकाचा मसुदा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आला होता, त्यावर बराच आरडाओरडा झाला आणि तो मागे पडला.

आता तक्रारीचं. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार तीन पायऱ्या आहेत: आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वनियामक संस्था, मग मंत्रालयाची आंतरविभागीय समिती. थेट मंत्र्यांना पत्र लिहू नका, ते फिरून पहिल्या पायरीवरच येतं. वाहिनीच्या संकेतस्थळावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो. त्याने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांत वरच्या पायरीवर जा. मालिकांसाठी बीसीसीसी, बातम्यांसाठी वाहिनी ज्या संघटनेची सदस्य असेल तिची संस्था.

तक्रार टिकायची असेल तर ‘संस्कृती बुडाली’ असं लिहू नका. तारीख, वेळ, वाहिनी, भाग, दृश्यात नेमकं काय होतं आणि संहितेतलं कुठलं कलम मोडलं, एवढं लिहा. असं पत्र आलं की आम्हाला भाग काढून बघावाच लागतो. मोघम पत्राला मोघम उत्तर जातं. फार थांबूही नका, कारण प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग वाहिनीने नव्वद दिवस जपून ठेवायचं असतं, त्यानंतर पुरावा मिळेलच असं नाही. आणि दृश्य मूळ प्रक्षेपणात पाहिलं की दुपारच्या पुनःप्रक्षेपणात, तेही लिहा. दुपारची प्रत पुष्कळदा वेगळी कापलेली असते, आणि चुकीची प्रत काढून ‘असं दृश्य आढळलं नाही’ असं कळवणं आम्हाला फार सोपं जातं.